हरळी थंडीला कशी तोंड देते

गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा आणि शेतकऱ्याला नकोशी वाटणारी हरळी ही एकच वनस्पती आहे. सायनोडॉन डॅक्टिलॉन हे तिचे शास्त्रीय नाव. उष्ण हवामानातले हे गवत 27 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये जोमाने पसरते. जमिनीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरले की त्याची वाढ थांबते, पाती पिवळी पडतात आणि ते सुप्तावस्थेत जाते. उत्तर भारतातल्या हिरवळींवर दर हिवाळ्यात हे दिसते. अमेरिकेतील कॅन्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांत मात्र हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. तिथला उन्हाळा हरळीला मानवतो, पण हिवाळ्यात जमीन गोठते आणि एखाद्या कडक हिवाळ्यानंतर गोल्फची मैदाने पुन्हा लावावी लागतात. हिरवळीसाठी लावले जाणारे झॉयसिया हेही उष्ण हवामानाचेच गवत, पण हरळीपेक्षा ते सहसा अधिक थंडी सोसते.

या गवतांचे दुबळेपण त्यांच्या बलस्थानातच आहे. ऊस आणि मक्याप्रमाणे ती सी-फोर पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. भर उन्हात ही पद्धत फार कार्यक्षम असते. पण तिच्यातील पायरुवेट फॉस्फेट डायकायनेज हे विकर चार उपघटकांचे बनलेले असून सुमारे 10 ते 12 अंशांखाली ते घटक एकमेकांपासून सुटू लागतात. कार्बन बांधण्याचे काम मंदावते, ऊन मात्र पात्यावर पडतच राहते. न वापरलेली प्रकाशऊर्जा ऑक्सिजनला अतिक्रियाशील बनवते आणि तो पेशीतील प्रथिने व मेदद्रव्ये जाळतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज यांसारखी विकरे त्याला निष्प्रभ करत राहतात. तेवढ्याने भागले नाही तर वनस्पती आपले हरितद्रव्यच मोडून काढते. ‘स्टे-ग्रीन’ नावाचे प्रथिन हरितद्रव्याच्या केंद्रातील मॅग्नेशियमचा अणू वेगळा करते आणि तिथून विघटनाची साखळी सुरू होते. पात्यातला नायट्रोजन त्याच काळात खाली खोडाकडे नेला जातो. म्हणजे हा पिवळेपणा मरणाचा नव्हे, मोठ्या अंशी शिस्तीने घेतलेल्या माघारीचा असतो.

थंडीची पहिली चाहूल पेशीपटलाला लागते. तापमान उतरताच पटल कडक होते, त्यातील मार्ग उघडून कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात आणि संदेश केंद्रकापर्यंत जातो. पुढची साखळी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात उलगडली. मिशिगन स्टेट विद्यापीठातील मायकेल थोमाशो यांच्या गटाने 1997 मध्ये सीबीएफ-1 हे नियामक प्रथिन ओळखले. 2003 मध्ये जियान-कांग झू यांच्या प्रयोगशाळेतून, विश्वनाथन चिन्नुसामी प्रमुख लेखक असलेल्या संशोधनातून, सीबीएफला जागे करणारे आयसीई-1 हे प्रथिन समोर आले. थंडी लागल्यावर अरॅबिडॉप्सिसमध्ये पंधरा मिनिटांत सीबीएफची जनुके कामाला लागतात आणि काही तासांत शीतसंरक्षक जनुके सुरू करतात. हरळी आणि झॉयसियातही या कुळातील जनुके आहेत. उष्ण प्रदेशातील वनस्पतीकडे थंडीचे यंत्र नसतेच, ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते.

ही संरक्षक जनुके नेमके काय घडवतात, ते समजण्यासाठी आधी बर्फाची करणी पाहावी लागते. बर्फ पहिल्यांदा पेशीबाहेरच्या पोकळीत धरतो आणि पेशीतले पाणी बाहेर खेचून घेतो. गोठणारी पेशी बहुधा पाणी हरपल्याने, पटल कोलमडून मरते. त्यामुळे थंडीची तयारी बऱ्याच अंशी दुष्काळाच्या तयारीसारखीच असते, आणि ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक दोन्हींत भाग घेते. पेशीत विद्राव्य शर्करा आणि प्रोलीन हे अमिनो आम्ल साठते, त्यांनी पाणी धरून ठेवले जाते. डिहायड्रिन प्रथिने पटलांना आणि इतर प्रथिनांना आधार देतात. पटलाची घडणही बदलते. थंडीत तूप थिजते पण तेल पातळ राहते, तसेच संतृप्त मेदाम्लांचे पटल घट्ट होते आणि असंतृप्त मेदाम्लांचे लवचीक राहते. म्हणून डिसॅच्युरेज विकरे मेदाम्लांत द्विबंध तयार करून लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण वाढवतात.

सर्वांत मोलाची लढाई जमिनीलगतच्या कोंबांत आणि मातीखालच्या खोडांत होते, कारण वसंतातली पालवी तिथूनच फुटते. थंडी सोसणारे मिडआयर्न आणि नाजूक टिफग्रीन या हरळीच्या दोन वाणांची तुलना करताना संशोधकांना थंडीत सक्रिय होणारी कायटिनेज जनुके आढळली. कायटिनेज एरवी बुरशीच्या भिंती तोडणारे प्रथिन आहे, पण इथे ते थंडीच्या तयारीतही सामील झालेले दिसते.

ही सगळी तयारी व्हायला काही आठवडे लागतात. दिवस हळूहळू आखडत आणि रात्री क्रमाने गारठत गेल्या तर सरावलेली हरळी वाणानुसार साधारण उणे 5 ते उणे 10 अंशांपर्यंत तग धरते. तयारीआधीच अचानक पडलेले कडाक्याचे हीव किंवा मधल्या उबदार आठवड्यानंतर परतलेली थंडी तिला अधिक घातक ठरते. मैदान राखणाऱ्यांसाठी यातून सरळ नियम निघतात: हिवाळ्याच्या तोंडावर भरमसाट नत्र देऊ नये, पालाश कमी पडू देऊ नये, आणि गवत फार खाली कापू नये, कारण पातीच शर्करा तयार करतात.

सुधारित वाण घडवणे मात्र सोपे नाही. अनेक मैदानी वाण 27 गुणसूत्रांचे त्रिगुणित संकर आहेत. त्यांना बी धरत नाही, त्यामुळे खोडाच्या तुकड्यांनीच लागवड करावी लागते. झॉयसिया जापोनिकाचा जनुकसंच 2016 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून थंडीशी संबंधित जनुके शोधणे सुकर झाले आहे. घरची हिरवळ हिवाळ्यात पिवळी पडली तर ती उपटण्याची घाई करू नये. जमिनीखालचे खोड उकरून पाहावे. ते आतून पांढरे आणि टणक असेल तर गवत जिवंत आहे.