शिशाचें चिलखत

मोडलेल्या हाताचें चित्र घेण्यासाठीं मुलाला क्ष-किरणांच्या खोलींत नेलें, कीं तेथील सेविका त्याला नीट बसविते व स्वतः भिंतीआड जाते. हें पाहून कित्येक पालकांच्या मनांत शंका येते. किरण अपायकारक असतील, तर मुलाला तेथें कां ठेविलें? आणि नसतील, तर सेविका आड कां गेली? या रास्त प्रश्नाचें उत्तर आम्ही येथें देऊं इच्छितों.

मुलगा त्या खोलींत क्वचित् येतो. सेविकेला तें काम दिवसांतून अनेक वेळां करावें लागतें. एका चित्रास लागणारे किरण अत्यल्प असतात व त्यांपासून लाभ मोठा होतो. परंतु थेंबाथेंबानें तळें सांचतें, त्याप्रमाणें अल्प अल्प किरणांचा अपायही वर्षानुवर्षें वाढत जातो.

हें ज्ञान फार मोल देऊन मिळालें आहे. राँटजेन यांनीं १८९५ सालीं जर्मनींत हे किरण शोधून काढिले. पुढें अमेरिकेंत एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरन्स डॅली हे किरणांच्या नळ्या आपल्याच हातांवर पारखून पाहत. त्यांच्या हातांस व्रण पडले, कर्करोग झाला, दोन्ही बाहु कापावे लागले, आणि १९०४ सालीं ते मरण पावले. अशा बळी पडलेल्या सेवकांचें स्मारक १९३६ सालीं हँबुर्ग शहरांत उभारण्यांत आलें. त्यावर १६९ नांवें कोरिलीं होतीं.

आज तीन नियम पाळितात: किरणांजवळ थोडाच वेळ थांबावें, दूर राहावें, आणि मध्यें आड धरावी. अंतर दुप्पट केलें, कीं किरणांची तीव्रता चौथाई होते.

परंतु हाडें जोडणाऱ्या शल्यवैद्यास दूर जातां येत नाहीं. किरण चालू असतांही त्याला रुग्णापाशींच उभें राहावें लागतें. तेथें शिशाचा अंगरखा हेंच त्याचें चिलखत. मात्र या चिलखतांत एक उणीव आहे. तें बिनबाह्यांचें व बहुधा पुरुषांच्या मापानें बेतलेलें असतें. स्त्रीच्या अंगावर तें काखेपाशीं सैल राहून स्तनाचा वरचा बाहेरील भाग उघडा पडतो. आणि स्तनाचा कर्करोग सर्वांत अधिक याच भागांत उद्भवतो. हाडांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अमेरिकेंतील स्त्रियांची एक पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत हा रोग इतर स्त्रियांपेक्षां अधिक आढळला. किरण हेंच त्याचें कारण, असें यावरून सिद्ध होत नाहीं. परंतु सावध होण्यास एवढें पुरे आहे. उपाय कठीण नाहीं. अंगरख्यास बाह्या किंवा काखेंत शिशाचें आवरण जोडावें, आणि जी तो घालणार, तिच्याच मापाचा तो असावा.

आमच्या कित्येक विद्यार्थिनी डॉक्टर किंवा परिचारिका होण्याची उमेद बाळगतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, शरीर ही देवानें सोंपविलेली ठेव आहे. दुसऱ्याचे प्राण वांचवितांना तिचें रक्षण करणें हा भित्रेपणा नव्हे. आपल्या मापाचा अंगरखा मागतांना संकोच करूं नये. आणि भिंतीआड गेलेल्या सेविकेस पालकांनीं दोष देऊं नये. उद्यां तिला दुसऱ्या मुलाची सेवा करावयाची आहे.