शिंगराला लळा लावा, वळणही लावा

आज शेळ्या-कोंबड्यांबद्दल नाही, घोडीच्या शिंगराबद्दल बोलू या. दिवाळी झाली की आपल्याकडचे मेंढ्यांचे वाडे कोकणाकडे निघतात. सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं आणि ते लादायचं, उतरवायचं काम आपण बायकाच करतो. भांडी, कोकरं, कधी लहान मूलसुद्धा त्याच पाठीवर. म्हणून घोडं गुणाचं असावं लागतं.

आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून गाभण घोडी घेतली. शिंगरू झालं. पोरं त्याला खेळवायची. ते पुढचे पाय उचलून अंगावर आलं की घरातले सगळे हसायचे. वर्षभराने त्याने तोच खेळ ताईंच्या मुलीशी केला आणि तिचा हात मोडला. दवाखान्याला पैसे गेले. मारकं म्हणून शिंगरू पडत्या भावात गेलं. हप्ता मात्र भरावाच लागला. यात शिंगराची काय चूक? वीस-पंचवीस किलोचं असताना ज्याचं कौतुक झालं, तेच त्याने शंभर किलोचं झाल्यावर केलं.

पुढच्या वेताला ताईंनी आधीपासून वळण लावलं. ते कसं, ते सांगते.

पहिला दिवस मायलेकरांचा. शिंगरू साधारण तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांत पिऊ लागतं. चीक पोटात गेलाच पाहिजे. तीन तासांत वार पडली नाही किंवा शिंगरू पीत नसेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा. तेव्हा लाड करायला गर्दी नको.

नंतर आधी घोडीला हात लावा. तिला रोज शांतपणे खरारा करा. आई निवांत उभी राहिली की शिंगरू आपणहून जवळ येतं. फ्रान्समधल्या संशोधकांनीही २००५ साली हेच मांडलं : पहिले काही दिवस घोडीला मायेने खरारा केला, तर तिचं शिंगरू माणसाला कमी बुजतं.

शिंगराजवळ जाताना बाजूने जा, मागून नको. पहिला हात तोंडाला नाही, खांद्याला लावा. आईही तिथेच चाटते, खाजवते. मग मान, पाठ, पोट आणि शेवटी पाय. पाय क्षणभर उचला आणि ते शांत असतानाच खाली ठेवा. धडपडल्यावर सोडलात, तर धडपडलं की सुटका होते एवढंच ते शिकेल. रोज पाच-दहा मिनिटं पुरे.

म्होरकी मऊ सुताची घ्या आणि काम झालं की काढा. अंगावर राहिली तर खूर अडकतो. खुंटीला घट्ट बांधून ओढाताण करू नका, कोवळी मान दुखावते. दोरी हलकी ताणा, त्याने एक पाऊल टाकलं की लगेच सैल सोडा. ढिली दोरी हीच त्याची शाबासकी.

हातावर गूळ-भाकरी देऊ नका, त्यातून चावायची खोड लागते. चावलं तर तोंडावर मारू नका. मारलं की एक तर ते त्याचाच खेळ करतं, नाहीतर हाताला भितं. ठाम आवाजात 'हं!' म्हणा, त्याला एक पाऊल मागे सरकवा आणि लाड थांबवा. नियम घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. आईने रागवायचं आणि पोरांनी खेळवायचं, असं चालणार नाही. लहान मुलांना शिंगराजवळ एकटं सोडू नका.

आणि घाई नको. आईपासून तोडायचं ते सहा महिन्यांच्या आसपास. ओझं तर तीन वर्षांच्या आत नकोच, हाडं पक्की झालेली नसतात.

ताईंचं दुसरं शिंगरू आता दीड वर्षाचं आहे. परवा खूर तासायला नालबंद आला, तेव्हा त्याने चारही पाय एकेक करून दिले. दोरी धरायला ताईंची तीच मुलगी उभी होती. आधी ती गोठ्याच्या दारातसुद्धा येत नव्हती.

तुमच्या गटात कुणाची घोडी गाभण असेल, तर पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. शिंगरू यायच्या आधीच घरातल्यांचं एकमत होऊ द्या.