कागद चोख, गाडी बेफाम

नाकाबंदीत दोन वाहनं अडवली आहेत असं समजा. एक रिक्षा सावकाश येत होती, पण तिला परमिट नाही. दुसरी मोटारसायकल उड्डाणपुलावरून राँग साइडने सुसाट आलेली. तिची आरसी, विमा, पीयूसी, चालवणाऱ्याचं लायसन्स, सगळं मोबाइलवर हजर. यातलं कोणतं वाहन पोलिसांनी जागीच जमा करावं? शंभरातले नव्वद जण मोटारसायकलचं नाव घेतील. मोटार वाहन कायदा रिक्षाचं घेतो.

गाडी अडकवून ठेवण्याचा थेट अधिकार १९८८च्या या कायद्यात कलम २०७ने दिला आहे. त्यातली कारणं मोजकी आहेत: चालकाकडे लायसन्स नसणं, त्याचं वय कमी असणं, गाडीची नोंदणी नसणं, परमिट नसणं किंवा परमिटात ठरलेला मार्ग, हद्द वा वापर मोडणं. यातल्या काही प्रकरणांत गाडीऐवजी नुसतं आरसी बुक ताब्यात घेऊन पोचपावती देण्याचीही सोय आहे. पुढे मालकाने कागद दाखवून परिवहन अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि गाडी सोडवायची. धोकादायक चालवणं हे कारण या यादीत नाही.

मग बेफाम चालवणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी कलम १८४ आहे. २०१९च्या दुरुस्तीने त्यात सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं, उलट दिशेने जाणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं हे सगळं नाव घेऊन घातलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने कलम २०६मध्येही भर घातली: असा गुन्हा दिसला तर पोलिसांनी चालकाचं लायसन्स काढून घ्यायचं आणि आरटीओकडे पाठवायचं. तिथे त्याचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी त्याला अपात्र ठरवता येतं, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच होऊ शकतं. म्हणजे सापडतं ते लायसन्स, गाडी नाही. कागदोपत्री हे शहाणपणाचं आहे, कारण गुन्हा माणसाने केलेला असतो. पण ज्याचं लायसन्स गेलं तो दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर बसतो, हे शहरातल्या कोणत्याही वाहतूक हवालदाराला विचारा.

तरी पोलीस ठाण्याच्या आवारात गाड्या सडताना दिसतात, त्या येतात कुठून? बऱ्याचशा फौजदारी वाटेने. हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१खाली दाखल झाला, अपघात झाला, कुणी दगावलं, तर गाडी पुरावा ठरते. पंचनामा होतो आणि ती ‘मुद्देमाल’ म्हणून जमा होते. ही शिक्षा नसते, निदान कायद्याच्या नजरेत नसते. नुसत्या तपासणीसाठी नेलेली अपघातग्रस्त गाडी तर सोपस्कार उरकून चोवीस तासांत परत करावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ सांगतं. चोवीस तास! वाचकांपैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर तो भाग्यवान.

मुद्देमालाच्या या साचलेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात बोट ठेवलं. गंमत अशी की त्यात आरोपी होते गुजरातमधले पोलीसच. ठाण्यात ठेवलेल्या मौल्यवान वस्तू बदलून नकली ठेवल्याचा, रकमा हडपल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्या निमित्ताने न्यायालय गाड्यांबद्दलही बोललं. गाड्या ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. दंडाधिकाऱ्याने बॉन्ड, हमी घेऊन त्या लवकर सोडाव्यात आणि कुणी नेलीच नाही तर लिलाव करावा. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७मध्ये मुदतीच घातल्या आहेत. माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याची नोंद व छायाचित्रं, आणि तिथून तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. आवारातल्या गंजलेल्या सांगाड्यांकडे पाहिलं की या मुदती कुणासाठी लिहिल्या असा प्रश्न पडतो.

एका बाबतीत मात्र मोटार वाहन कायदा थेट गाडीवर घसरतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि वर सगळ्यांत झोंबणारी गोष्ट, बारा महिने त्या गाडीची नोंदणी रद्द.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने हे तत्त्व सगळ्याच चालकांना लावलं. टोरांटो, ब्रॅम्प्टनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे ठाऊक असेल. तिथे ‘स्टंट ड्रायव्हिंग’ केलं, म्हणजे वेगमर्यादेपेक्षा ताशी ५० किलोमीटर जास्त पळवली (८०हून कमी मर्यादेच्या रस्त्यावर ४०), तर पोलीस तिथल्या तिथे गाडी चौदा दिवसांसाठी उचलतात आणि लायसन्स तीस दिवस निलंबित होतं. २००७ मध्ये हे सात दिवसांवर सुरू झालं, २०२१ मध्ये वाढलं. न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. टोइंगचा आणि ठेवण्याचा खर्च मालकाच्या माथी, गाडी मुलाने नेली असली तरी.

मला हा मार्ग पटतो, पण आपल्याकडे जसाच्या तसा नाही. आपल्याकडे रिक्षा आणि टॅक्सी कितीतरी वेळा एकाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या हातात असते, शिफ्टने. चौदा दिवस गाडी बंद म्हणजे दोन घरांची चूल बंद, आणि ती लवकर पेटावी म्हणून टेबलाखालून काय सरकवलं जाईल हे सांगायला नको. असा अधिकार द्यायचाच तर दिवस कायद्यातच ठरलेले हवेत, जागेवर लेखी मेमो हवा, कॅमेऱ्याचा पुरावा हवा आणि मालकाचं म्हणणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐकणारा अधिकारी पोलीस खात्याबाहेरचा हवा.