जुना कॉम्प्युटर आणि नवे खेळ

मागे एका दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तो घरात बापलेकांचा अबोला. कारण विचारले, तर थोरल्या भावाने माडीकडे बोट दाखवले. कांद्याच्या पट्टीतून त्याने मुलाला साडेसात हजार रुपये दिले होते, कॉम्प्युटरची ताकद वाढवायला म्हणून. मुलगा कॉलेजात जातो. त्याला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ ह्या खेळाचा पाचवा भाग खेळायचा होता. (त्या खेळात काय काय चालते, ते वडील मंडळींनी न पाहिलेलेच बरे.) दुकानदाराने एक भलेदांडगे ग्राफिक्स कार्ड दिले. ते बसवले आणि तिसऱ्या दिवशी पेटीतून जळका वास येऊन यंत्र बंद पडले.

मी इतिहास शिकवणारा माणूस. पण कॉलेजातले बिघडलेले कॉम्प्युटर उघडून पाहण्याचा नाद मला पुष्कळ वर्षांचा आहे. त्या दुपारी पेटीचे झाकण काढून पुतण्याला जे दाखवले, तेच आज आपणांस सांगतो.

कॉम्प्युटर म्हणजे लग्नघरचा स्वयंपाक समजा. कोठीघरात शिधा भरलेला असतो, ती हार्ड डिस्क. आचाऱ्याच्या हाताशी पराती-पातेली मांडलेली असतात, ती रॅम. आत्ता लागणार तेवढेच तेथे आणून ठेवलेले असते. आचारी म्हणजे प्रोसेसर. आणि पंगतीत वाढणारी पोरे म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एकेका पोराचे काम अगदी साधे, पण शेकडो पोरांनी ते एकदम करायला हवे. का, ते पाहा. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. खेळ सुरळीत दिसायचा, तर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके झाले! एकट्या आचाऱ्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

आता वाढपी शंभर आणले, पण कोठीघर वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला असेल, तर पंगत खोळंबणारच. आमच्या पुतण्याचे हेच झाले होते. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क जुनी फिरत्या तबकडीची, आणि कार्ड मात्र दांडगे. तेव्हा पैसे खर्चण्यापूर्वी पंगत कोठे अडली आहे ते पाहावे. त्याला एक पैसाही पडत नाही. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स ह्यांपैकी कोण किती राबते आहे, ते तेथे शेकड्यात दिसते. डिस्क शंभराला टेकली आहे आणि ग्राफिक्स तिशीत रेंगाळते आहे, असे दिसले तर नवे कार्ड घेऊन उपयोग काय?

तुम्ही विचाराल, ह्या खेळांची भूक वाढते तरी का? १९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ नावाचा खेळ निघाला. त्याला ४ एमबी रॅम पुरत होती. २०१५ साली कॉम्प्युटरवर आलेल्या आमच्या पुतण्याच्या खेळाची किमान मागणी ४ जीबी, म्हणजे हजारपटीहून थोडी अधिकच. ठिपके वाढले, चित्रे बारीक झाली, हे तर खरेच. पण दुसरेही कारण आहे. बरेच मोठे खेळ टीव्हीला जोडायच्या तयार यंत्रांचा हिशेब धरून लिहितात. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी होती. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी आणि जोडीला वेगवान एसएसडी आली. खेळ करणाऱ्यांनी जुने यंत्र सोडले, की घरच्या कॉम्प्युटरची किमान मागणी एकदम उडी घेते. ‘सायबरपंक २०७७’ ह्या २०२० सालच्या खेळाची गंमत ऐका. २०२३ साली कंपनीने त्याच खेळाची किमान मागणी वाढवली. ८ जीबीची १२ जीबी झाली आणि एसएसडी आवश्यक ठरली. खेळ तोच, विकत घेऊन झालेला!

आता त्या जळक्या वासाकडे येऊ. पेटीत वीज पुरवणारा एक डबा असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. ह्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ग्राफिक्स कार्ड ज्या खाचेत बसते, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॉट वीज देते. त्याहून खादाड कार्डाला पॉवर सप्लायपासून वेगळी वायर लागते. पुतण्याच्या पेटीत ती वायर नव्हतीच. दुकानदाराने कसलासा जोड लावून दिला आणि अडीचशे वॉटच्या जुन्या डब्यावर ओझे टाकले. तीनच्या मोटारीच्या वायरवर पाचची मोटार चालवावी, तसे झाले. जुन्या पेटीत खाचेच्याच विजेवर चालणारे कार्ड घ्यावे. जीटीएक्स ७५० टीआय हे त्या जातीचे, ६० वॉटचे. आणि आधी पेटी मोजावी, कारण लांब कार्ड कित्येकदा आत मावत नाही.

रॅमचेही तसेच. डीडीआर३ च्या यंत्रात डीडीआर४ ची पट्टी बसत नाही. दोहोंची खाच वेगळ्या जागी असते. जोर करू नये, आणि घेताना जुनी पट्टी बरोबर न्यावी. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीच्या वरची रॅम घालूनही फुकट जाते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले, तेव्हा ही चूक फार महागात पडली असती.

माझा स्वतःचा कौल एसएसडीला. फिरती तबकडी सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. आणि जुन्या पेटीत ती त्याच वायरीला जोडता येते. एसएसडीने चित्र फारसे वेगाने हलणार नाही, पण खेळ उघडण्यातला आणि मध्येच अडखळण्यातला त्रास पुष्कळ कमी होतो. शिक्षकमंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. शाळेत धूळ खात पडलेल्या यंत्रांना एसएसडी आणि ८ जीबी रॅम मिळाली, तर मुलांच्या कामापुरती ती अजून चालतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरे, पण अशा यंत्रावर लिनक्स घालता येते.

लॅपटॉपचे मात्र वेगळे. त्यातले ग्राफिक्स बहुधा पाटीलाच डाख देऊन बसवलेले असते, ते बदलता येत नाही. तेथे रॅम आणि एसएसडी एवढ्यावरच थांबावे.

आम्ही शेवटी नवा पॉवर सप्लाय, ४ जीबीची आणखी एक पट्टी आणि एसएसडी घातली, आणि कोणाचे तरी वापरलेले लहान कार्ड आणले. खेळात जाऊन ठिपके १२८० गुणिले ७२० केले, म्हणजे काम निम्म्याहून कमी झाले. खेळ चालला. पुतण्या खाली जेवायला आला, भावाने त्याच्या पानात चकली वाढली. दुकानदाराने ते मोठे कार्ड काही परत घेतले नाही. वहिनींनी ते खोक्यासकट फडताळात ठेवून दिले आहे.