विश्लेषण : प्राथमिक शाळेतला खेळाचा तास कोणाच्या भरवशावर?

अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर २०२५च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि पृथ्वीराज मोहोळने गदा पटकावली. त्याच सुमारास दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, अशा दोन्ही संघांनी जिंकला. मुले मातीत पहिल्यांदा उतरतात ती मात्र गावच्या शाळेत. तिथे पहिली ते पाचवीच्या वर्गांना खेळासाठी किती पैसे मिळतात आणि शिकवते कोण?

शाळेला खेळासाठी किती रक्कम मिळते?

‘समग्र शिक्षा’ ही केंद्र आणि राज्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. तिच्या निकषांनुसार क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला कमाल ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजार रुपये मिळू शकतात. म्हणजे जिथे मुलांचे शरीर घडू लागते, तिथे तरतूद सर्वांत लहान.

ही रक्कम शाळेगणिक आहे, मुलागणिक नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागातील ४० पटाच्या वाडीवस्तीच्या शाळेत ती एका मुलामागे वर्षाला १२५ रुपये होते, तर १५० पटाच्या शाळेत जेमतेम ३३ रुपये. त्यात दोऱ्या, रिंगा, दोन-चार चेंडू येतात. मैदान सपाट होत नाही.

कायदा काय सांगतो?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचे मैदान हा शाळेचा आवश्यक भाग मानला आहे. प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य द्यावे, असेही त्यात आहे. शिक्षकाच्या बाबतीत मात्र कायदा हात आखडता घेतो. सहावी ते आठवीचा पट १००च्या वर असेल तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी अशा निदेशकाचा उल्लेखच नाही.

खरी अडचण इथे आहे. याच परिशिष्टानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोघांनी मिळून चार-पाच वर्ग सांभाळायचे. एक गुरुजी मुलांना बाहेर घेऊन गेले, की दुसऱ्यांकडे उरलेले सगळे वर्ग. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, तर पहिला बळी वेळापत्रकातल्या खेळाच्या तासाचा जातो. गणिताचा तास बुडाला तर पालक विचारतात, खेळाचा बुडाला तर क्वचितच. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती शाळेत पूर्ण होणे अवघडच.

पैसे वाढवले की प्रश्न सुटेल?

अर्धाच. इंग्लंडने लंडन ऑलिम्पिकनंतर, २०१३ मध्ये प्राथमिक शाळांच्या खेळासाठी स्वतंत्र निधी सुरू केला. पुढे गोड पेयांवर कर आणून २०१७ मध्ये तो दुप्पट केला. बहुतेक शाळांना १६ हजार पौंड आणि प्रत्येक मुलामागे १० पौंड, असे सूत्र ठरले. त्या रकमेशी आपली तुलना व्यर्थ आहे. घेण्यासारख्या आहेत त्या अटी. हा पैसा खेळाव्यतिरिक्त कशालाही वापरायचा नाही, वर्गशिक्षकालाच खेळ शिकवता यावा यासाठी त्यातून प्रशिक्षण द्यायचे आणि खर्चाचा हिशेब शाळेच्या संकेतस्थळावर जाहीर करायचा. सहावीच्या वर्षातील किती मुलांना २५ मीटर पोहता येते, हेही शाळेने सांगायचे. शेततळी गावोगावी झालेल्या आणि त्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येणाऱ्या अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात हा शेवटचा मुद्दा चैनीचा नाही.

कमी खर्चात काय शक्य आहे?

खो-खोला लागतात दोन खांब आणि साधारण २७ बाय १६ मीटर जागा. लहान मुलांसाठी ती आणखी आखूडही चालते. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांना त्याहून कमी. शिवाय या खेळांत चाळीस मुले एकाच वेळी गुंतवता येतात. महागडा क्रिकेटचा संच आणला, की दोघे खेळतात आणि बाकीचे पाहतात. त्यामुळे पाच हजारांत काय घ्यायचे, हा निर्णय किरकोळ नाही.

पालकांच्या हातात काय?

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्षही तिनेच ठेवायचे असते. क्रीडा अनुदान कधी आले, त्यातून काय घेतले, साहित्य कपाटात आहे की मुलांच्या हातात, हे बैठकीत विचारण्याचा अधिकार सदस्यांना आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डी, शेवगावच्या कुटुंबांतील पालक हंगामात गावी नसतात. म्हणून तिथे हे विषय दिवाळीआधीच घ्यावे लागतात.

मैदानाचा खर्च पाच हजारांत बसत नाही. त्यासाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम सुचवता येते किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत क्रीडांगण विकास अनुदानाचा प्रस्ताव देता येतो. सपाटीकरण, कुंपण, धावनमार्ग यांसारखी कामे त्यात येतात. प्रस्तावासोबत जागेच्या मालकीची कागदपत्रे लागतात. जुन्या काळी कोणीतरी तोंडी देऊन टाकलेल्या जागेवर शाळा उभी असेल, तर आधी तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहावे लागेल.