रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचे ऑईल सील : तपासणी व निगा

ट्रॅक्टरवर चालणारा रोटाव्हेटर आता महाराष्ट्रातील अनेक गावांत वापरात आहे. त्याच्या गिअरबॉक्समधील दातेरी चक्रे व बेअरिंगे यांचे आयुष्य तेलावर अवलंबून असते. हे तेल आत राखणे आणि माती व पाणी बाहेर ठेवणे, ही दोन्ही कामे शाफ्टभोवती बसविलेले रबरी ऑईल सील करते. आतील बारीक स्प्रिंगच्या दाबाने त्याची कडा फिरत्या शाफ्टला टेकलेली असते. सील थोडक्या पैशांत मिळते. परंतु ते निकामी झाल्याने झिजणारी चक्रे महाग असतात, आणि ही मोड बहुधा ऐन पेरणीच्या घाईत उघडकीस येते.

तपासणी : प्रथम ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढावी व उचललेल्या यंत्राखाली भक्कम टेकू द्यावेत. केवळ हायड्रॉलिकवर विसंबू नये. सीलजवळ धूळ ओली होऊन चिकटलेली दिसल्यास गळती सुरू झाली असे समजावे. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. चिखलणीनंतर हे अवश्य पाहावे. शाफ्टला गुंडाळलेली तार, सुतळी, पाचट व ठिबकच्या नळ्यांचे तुकडे रोज काढावेत. त्यांनी सीलची कडा कापली जाते.

गळतीचे कारण : सील बदलण्यापूर्वी ब्रीदरचे छिद्र पाहावे. कामात गिअरबॉक्स तापतो व आतील हवा फुगते. छिद्र चिखलाने बुजले असल्यास तीच हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. छिद्र साफ न करता घातलेले नवे सीलही पुन्हा गळते. खुणेपेक्षा अधिक तेल भरणेही टाळावे.

नवे सील बसविणे : सील त्याच मापाचे घ्यावे. शाफ्टवर नख अडकेल इतकी खाच पडली असल्यास प्रथम शाफ्ट दुरुस्त करून घ्यावा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, कडेला तेल लावून, योग्य मापाच्या नळीच्या तुकड्याने सील चहूबाजूंनी सारखे बसवावे.

गळती थांबावी म्हणून कित्येक जण तेलाऐवजी ग्रीस भरतात. हा उपाय घातक आहे. चक्रे ग्रीसमध्ये वाट पाडून फिरू लागतात, बाजूला सरलेले ग्रीस परत येत नाही व बेअरिंगे कोरडी पडतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी एखाद्या रोटाव्हेटरवर ही तपासणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. पाहिलेले काम शेतकरी सहसा विसरत नाही.