जुना कपडा चालतो, पण कुणाचा? इंदूरच्या कपाटांमधला न बोललेला हिशेब

इंदूर : दिवाळीची साफसफाई झाली की इथल्या बहुतेक मराठी घरांत कपाटासमोर एक ढीग उभा राहतो. न होणारे शर्ट, एकदाच नेसलेली साडी, मुलांना आखूड झालेले स्वेटर. त्यातलं थोडं कामाच्या मावशींना जातं, थोडं भांडीवालीला, आणि उरलेलं पोत्यात भरून महापालिकेच्या केंद्रावर. द्यायला कुणाचीच ना नसते. पण त्याच ढिगातला शर्ट धुऊन, इस्त्री करून शंभर रुपयांना दुकानात टांगला आणि विचारलं, "घेता का?" तर त्याच घरातून उत्तर येईल, "छे, कुणाचे उतरलेले कपडे कोण घालणार?"

द्यायला हात सैल आणि घ्यायला आखडता, असं का होतं? हा प्रश्न फक्त इंदूरचा नाही. बेळगाव, बऱ्हाणपूर, बिदर, सुरत, कुठल्याही मराठी घरात तो असाच आहे. पण स्वच्छतेचं नाव घेतलं की आधी आठवणाऱ्या शहरात तो जास्त ठळक दिसतो.

सोय आहे, पण ती देण्याची

२०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर अव्वल ठरलं. घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो. त्या सहांत कपड्याचा असा वेगळा डबा नाही. त्याच्यासाठी दुसरी सोय झाली.

मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये स्वतंत्र आनंद विभाग काढला आणि १४ जानेवारी २०१७ ला, संक्रांतीच्या दिवशी, 'आनंदम' हा उपक्रम सुरू केला. जास्तीची वस्तू ठेवून जा, गरज असेल ती घेऊन जा, न विचारता. पुढे मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेत देशभरातल्या शहरांनी 'आरआरआर' केंद्रं उघडली. कमी वापरा, पुन्हा वापरा, नव्याने घडवा, असा त्या तीन 'आर'चा अर्थ. महाराष्ट्रात हीच कल्पना 'माणुसकीची भिंत' आणि हिंदी पट्ट्यात 'नेकी की दीवार' या नावाने आधीच पोहोचली होती. तिचं मूळ इराणमध्ये, २०१५ च्या हिवाळ्यात मशहद शहरात रंगवलेल्या एका भिंतीत आहे.

या सगळ्या सोयींत एक गोष्ट सारखी आहे. देणारा एक, घेणारा दुसरा, आणि मधे पैशाचा व्यवहार नाही. इंग्लंड-अमेरिकेत धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकानं असतात आणि तिथे चांगल्या पगाराची माणसंही राजरोस खरेदी करतात. तशी सवय आपल्याकडे रुजलेली नाही.

घरातलं जुनं ते मायेचं

म्हणजे मराठी माणसाला जुन्या कपड्याचं वावडं आहे का? तसं म्हणता येत नाही. उलट आपल्या आयुष्याची सुरुवातच जुन्या कापडात होते. तान्ह्या बाळाला नवं खरखरीत कापड टोचतं, म्हणून आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी शिवतात. थोरल्याचं झबलं धाकट्याला, ताईचा फ्रॉक मामेबहिणीला. जुन्या साड्यांची गोधडी होते. तिला कुठे वाकळ म्हणतात, बेळगावकडे कौदी, माळव्यात गुदडी. आईची पैठणी नेसून मुलगी बोहल्यावर उभी राहिली तर पाहुणे कौतुकच करतात.

आणखी एक गंमत. लग्नाची शेरवानी किंवा लेहेंगा आता सर्रास भाड्याने आणतात. तो आधी किती जणांच्या अंगावर चढला, हे कुणी विचारत नाही. नवरदेवाला चालतं, वरमाईला चालतं. म्हणजे अनोळखी माणसाने वापरलेला कपडाही आपल्याला चालतो, फक्त तो भाडं मोजून आणि मानाने आलेला असला पाहिजे.

अडचण जुनेपणाची नाहीच मुळी. कपडा कुणाकडून आला आणि कसा आला, यावर सगळं अवलंबून आहे. बहिणीकडून आला तर माया, दुकानातून भाड्याने आला तर हौस, आणि परक्याने हातावर ठेवला तर 'उतरण'.

'उतरण' हा शब्द का बोचतो

या बोचण्यामागे जातीचा इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत, असं सांगितलं आहे. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं वापरावीत, असंही त्याच अध्यायात आहे. उष्टं आणि उतरलेलं एका ओळीत बसवलं गेलं. कुणाच्या अंगावर काय, यावरून कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरत होतं.

इंदूरपासून जेमतेम २५ किलोमीटरवर महू आहे. तिथे १८९१ मध्ये जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृतीचं जाहीर दहन केलं. त्याच परिषदेच्या दिवसांत स्त्रियांशी बोलताना त्यांनी पेहरावाचा मुद्दा काढला. अंगावरच्या कपड्या-दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती खूण टाकून द्या, लुगडं फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

म्हणून ज्या घरात आजी-आजोबांनी मालकाचे उतरलेले कपडे नाइलाजाने घातले, तिथला नातू पहिल्या पगारातून कोरा करकरीत शर्ट घेतो, तेव्हा ती उधळपट्टी नसते. "जुने कपडे वापरा, पर्यावरण वाचवा" हे त्याला सांगण्याआधी ही बाजू समजून घ्यायला हवी. ज्याचं कपाट भरलेलं आहे त्याला जुना कपडा घालणं ही आवड वाटू शकते. ज्याला कधी निवडच नव्हती, त्याला तीच गोष्ट कमीपणाची वाटते.

मेलेल्याचे कपडे आणि रोगाची धास्ती

दुसरी अडचण मनातली आहे. माणूस गेला की त्याचे कपडे तेराव्याच्या आसपास घराबाहेर काढायची पद्धत अनेक घरांत आहे. त्यामुळे जुन्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहताना "कुणा गेलेल्या माणसाचे तर नसतील?" ही शंका येतेच. ही शंका काही आपल्यापुरती नाही. आफ्रिकेतल्या घाना देशात बाहेरून येणाऱ्या जुन्या कपड्यांना लोक 'ओब्रोनी वावू' म्हणतात. त्याचा अर्थ 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे'. इतका कपडा कुणी जिवंतपणी टाकून देईल, यावर आधी लोकांचा विश्वासच बसेना!

तिसरी धास्ती रोगाची. तिच्यात थोडं तथ्य आहे, पण उपाय सोपा आहे. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, उवा तर एक-दोन दिवसांतच मरतात. ढेकूण मात्र चिवट असतो, तो काही महिने तग धरतो. म्हणून आणलेला कपडा थेट कपाटात न ठेवता कडक गरम पाण्यात धुवायचा आणि कडकडीत उन्हात वाळवायचा. मुलांचे नवे कपडे सुद्धा एकदा धुऊनच घालावेत, असं जुनी माणसं सांगतात ते उगाच नाही.

बोहारणीचा हिशेब

आता व्यवहाराची बाजू. जुन्या कपड्यांची खरेदी-विक्री आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे, फक्त आपण तिला दुकान म्हणत नाही. डोक्यावर टोपली आणि तीत स्टीलची भांडी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण ही त्या व्यापाराची पहिली कडी. चार साड्या आणि दोन पँटींवर एक पातेलं, त्यावरून अर्धा तास घासाघीस. मुंबई-गुजरातकडे या धंद्यात वाघरी म्हणजेच देवीपूजक समाजाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. दिल्लीत रघुबीर नगरला याच मालाचा मोठा बाजार पहाटे अंधारात भरतो.

पातेलं मांडणीवर गेलं की घरापुरता विषय संपतो. कपड्याचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो. बोहारीण माल निवडते. चांगला माल धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून आठवडी बाजारात मजुरांना विकला जातो. त्याखालच्या मालाच्या चिंध्या होऊन त्या गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत पुसायला जातात. लोकरीचा माल हरियाणातल्या पानिपतला पोहोचतो. तिथे जुन्या लोकरीचं सूत काढून घोंगड्या विणतात. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी मेहनत घालतं आणि किंमत वाढत जाते.

म्हणजे ज्या शर्टाला आपण 'आता काय किंमत' म्हणतो, त्यावर कितीतरी घरं चालतात. तो शर्ट विकत घेणारा मजूर भीक मागत नाही. तो चार शर्ट उलटेपालटे करून पाहतो, भाव पाडतो, नाही पटलं तर पुढच्या गाठोड्याकडे जातो. तो गिऱ्हाईक असतो.

फुकट दिल्याने काय बिघडतं?

मुद्दा इथेच आहे. भिंतीवरून उचललेला कपडा फुकट असतो, पण तो उचलताना आजूबाजूला कोण पाहतंय याची किंमत मोजावी लागते. ओळखीच्या चौकात गरजू माणूस दिवसाढवळ्या तिथे जायला कचरतो. दुसरीकडे देणाऱ्यालाही फुकटात हिशेब लागत नाही, मग फाटकं, मळकं, एका पायाचा मोजा, सगळं तिथे येऊन पडतं.

१९०२ मध्ये अमेरिकेत बोस्टन इथे एडगर हेल्म्स या पाद्रीने 'गुडविल'ची सुरुवात केली, ती हे ओळखूनच. श्रीमंत वस्तीतून जुने कपडे गोळा करायचे, गरीब माणसांना मजुरी देऊन ते दुरुस्त करून घ्यायचे आणि स्वस्तात विकायचे. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमचं ऑक्सफर्डमधलं दुकान १९४७ च्या अखेरीस उघडलं. तिथल्या विक्रीचा पैसा मदतकार्याला जातो. घेणाऱ्याला वाटतं, मी खरेदी केली, वर चार पैसे चांगल्या कामाला लागले.

आपल्याकडे अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने १९९९ पासून वेगळी वाट काढली. गावकऱ्यांनी विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, बंधारा बांधायचा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. हातात कपडा तोच जुना, पण तो कमावलेला. गुप्ता यांना २०१५ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. घेणाऱ्याला पैसे किंवा कष्ट, काहीतरी मोजायला मिळालं की त्याची मान ताठ राहते.

इंदूरला काय करता येईल

कचरा वेगळा करायची सवय या शहराने काही वर्षांत लावून घेतली. त्यामानाने हे काम लहान आहे. केंद्रांवर आलेला कपडा निवडणं, धुणं, रफू करणं, इस्त्री करणं हे काम बचत गटांतल्या महिलांना देता येईल. मग तोच कपडा वीस, पन्नास, शंभर अशा ठरलेल्या भावात, आरसा आणि घालून बघायची जागा असलेल्या दुकानात ठेवता येईल. क्लासेससाठी बाहेरगावहून आलेली मुलं, बांधकामावरची कुटुंबं आणि कपाट भरलेले कॉलनीवाले, सगळे एकाच दारातून आत येतील. एकाच दाराला महत्त्व आहे, कारण तिथे आत शिरणारा प्रत्येक जण गिऱ्हाईकच असतो.

तोपर्यंत प्रत्येक घराला करता येण्याजोगं थोडं आहे. देताना कपडा धुऊन, बटण-चेन पाहून, घडी घालून द्यावा. आतले कपडे देऊ नयेत. स्वेटर थंडी सुरू होण्याआधी द्यावेत, संपल्यावर नाही. घेताना शिवण, काख आणि कॉलर उजेडात तपासावी.

देण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा कपडा दुकानात टांगलेला दिसला, तर मी पैसे देऊन घेईन का? उत्तर 'नाही' असेल, तर तो कपडा माणसाला देण्याचा नाही. त्याचं फडकं करावं किंवा गोधडी शिवावी.